मधली चार हात फीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्याबरोबर ते काम केलं त्या भास्कररावांनाही पूर्ण नाही. त्यांना निम्मं ठाऊक आहे, आणि त्या निम्म्यावरच त्यांनी मला जोखलं असावं. उरलेलं निम्मं माझ्या टेबलाच्या खणात, एका पत्र्याच्या डबीत आहे.

मी मूळचा वर्तमानपत्रातला माणूस. पुण्याच्या एका पत्रात आठ वर्षं उपसंपादक होतो. छापण्यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानाच्या तळाशी दोन ओळींचा खुलासा द्यायचा, हे काम माझ्याकडे असे. नाव चुकलं, गाव चुकलं, मेलेला माणूस जिवंत निघाला — असे खुलासे मी पुष्कळ लिहिले. चूक कबूल करताना वाक्य लहान ठेवावं, कारणं देऊ नयेत, हे तिथंच शिकलो. मग हाच एक खुलासा इतकी वर्षं का राहिला?

बघा, आताच मी लांबण लावतो आहे.

पत्र बंद पडलं तेव्हा एका छोट्या चित्रसंस्थेनं मला ठेवून घेतलं. बोलपट येऊन तीन-चार वर्षं झाली होती. थेटरांतून गाणी ऐकू येत होती. पण आमची संस्था मुकी चित्रंच काढी — कापडाच्या गिरणीचं, औषधाच्या कारखान्याचं, शेतकी प्रदर्शनाचं. मी आधी दृश्यांची यादी करायची, भास्कररावांनी कॅमेरा चालवायचा, मग मी फिती कापून जोडायच्या आणि मध्ये दाखवायच्या पाट्यांवरचा मजकूर लिहायचा. बातमीपेक्षा हे काम सोपं वाटे. बातमीत ‘म्हणून’, ‘परंतु’ लिहावं लागतं. फितीत एक चित्र दुसऱ्याशेजारी ठेवलं की झालं. मधला ‘म्हणून’ बघणारा आपल्या मनात घालतो.

बारामती-इंदापूरकडच्या एका साखर कंपनीचं काम आलं. कंपनीला ऊस कमी पडत होता. शेतकरी ऊस कारखान्याला न घालता आपल्या गुऱ्हाळात त्याचा गूळ करत. तेव्हा चित्राचे दोन भाग ठरले: पहिला, जुनी रीत; दुसरा, कारखाना. कंपनीचे साहेब मृदू बोलणारे होते. ते एवढंच म्हणाले, “जुनी रीत किती अस्वच्छ आहे, ते लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. भाषण नको.”

मी त्याच दिवशी पुण्यात बसून यादी केली. सातव्या दृश्यापुढं लिहिलं: ‘गुऱ्हाळ. माशा, धूर, चिखलाचे पाय.’ तोवर मी एकही गुऱ्हाळ पाहिलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात असताना एखाद्या बातमीदारानं जागेवर न जाता मजकूर धाडला असता, तर मी तो परत पाठवला असता.

गावाचं नाव लिहीत नाही. बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या कडेला ते आहे. आम्ही आधी चार गुऱ्हाळं पाहिली. माशा होत्या, चिखल होता, यादीत लिहिलेलं सगळं होतं — पण छप्पर खाली आलेलं, भिंती धुरानं काळ्या, आत उजेडच नाही. भास्करराव म्हणाले, “इथं हँडल फिरवलं तर रीळ काळं निघेल. मला उजेड दे, मग घाण माग.”

पाचवं गुऱ्हाळ पूर्वेला मोकळं होतं. अंगण शेणानं सारवलेलं, रस काढलेल्या उसाच्या चोयट्या एका बाजूला रचलेल्या, रस उकळायच्या काहिलीभोवतीचा गोल ओटा झाडून लख्ख. तिथं उजेड होता. म्हणून घाण दाखवायला आम्ही त्या भागातली सगळ्यांत स्वच्छ जागा निवडली. हे मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. मी ते भास्कररावांना बोलूनही दाखवलं.

तिथले गुळव्या म्हणजे खंडूतात्या. रस उकळून गूळ कोणत्या क्षणी उतरवायचा, ते ठरवणारा तो गुळव्या. क्षण चुकला तर ढेप बसत नाही, नाहीतर गूळ करपतो. शेतकऱ्याचा वर्षाचा ऊस त्या एका माणसाच्या बोटांवर असतो. तात्यांचं वय साठीच्या आसपास. उजव्या हाताला कोपरापर्यंत एक केस नव्हता. हंगामात सात-आठ गावांतून त्यांना बोलावणं येई.

त्यांची एक शिस्त होती. ओट्यावर चढण्यापूर्वी लाकडी बादलीत पाय धुवायचे. ती बादली लांब, बांधाला नेऊन ओतायची. मग चुलाणातली राख घेऊन दोन्ही हात कोपरापर्यंत घासायचे, तांब्यानं पाणी घालून धुवायचे. त्यानंतर काहिलीला नमस्कार. तेव्हा कुठं ते आपलं तांब्याचं तपेलं जवळ घेत. त्या तपेल्यातल्या गार पाण्यात बोटं बुडवायची, तशीच उकळत्या पाकात घालायची, आणि परत पाण्यात — बोटांत गोळी बांधली की गूळ झाला. त्या तपेल्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गुऱ्हाळाच्या मालकानं एकदा त्यातून पाणी घेतलं, तेव्हा तात्यांनी तपेलं चिंचेनं घासलं म्हणे, आणि तोवर मालकाला ओट्याखाली उभं केलं.

आम्ही कॅमेरा लावला, पत्र्याला चंदेरी कागद चिकटवून उन्हाचा झोत काहिलीवर टाकला. तात्यांनी सगळं पाहून घेतलं, मग विचारलं, “मास्तर, ह्ये बोलंल का?” माझ्या हातात वही होती म्हणून मी मास्तर.

“नाही तात्या. नुसतं दिसेल.”

“मग झ्याक हाय. बोलन्यात मानूस कायबी दडिवतंय. दिसन्यात काय दडिवनार?”

पाय धुतानाचं दृश्य मी तीनदा घेतलं. पहिल्यांदा ढग आला, दुसऱ्यांदा बैल मध्ये आला. तिसऱ्यांदा मी ओशाळून म्हणालो, “तात्या, परत एकदा पाय धुवाल का?”

“धुतो की. त्यात काय झिजतंय?”

चरकाजवळ ऊस लावत बसलेली त्यांची बायको म्हणाली, “पाय धून झालं, आता हळद तेवढी लावायची ऱ्हायली बगा.” माणसं हसली. तात्याही हसले, पण काहिलीवरची नजर न काढता.

पाकाची परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा भास्कररावांचं रीळ संपलं. तात्या थांबू शकत नव्हते. गूळ कुणासाठी थांबत नाही. आमचा चेहरा पाहून त्यांनी दुसऱ्या काहिलीच्या वेळी स्वतः हाक मारली — “या, तुमचं यंतर घ्या. आता व्हतंय.” कॅमेरा इतका जवळ नेला की चित्रात फक्त पाणी, बोटं आणि पाक. भांड्याचा काठसुद्धा नाही. भास्कररावांना ते चित्र फार आवडलं. मलाही. ते सुंदरच होतं.

निघताना तात्यांच्या बायकोनं गरम काकवी आणि भाकरी वाढली. तात्यांनी शेराची एक लहान ढेप उसाच्या पाल्यात बांधून माझ्या हातात दिली. “घरच्यास्नी,” म्हणाले. मी घेतली.

पुण्यात फिती धुऊन आल्या. पहिला भाग जोडून कंपनीच्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, “हे पाहून तर मलाच गूळ खावासा वाटतो.” रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात परत येतो, तोवर काय करता येतं ते पाहा, एवढं सांगून गेले. संस्थेच्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

मला कुणी सांगितलं नाही, हे नीट लिहून ठेवतो. मला कुणी धमकावलं नाही. काम गेलं असतं, तर कदाचित दुसरं मिळालं असतं. इतर गुऱ्हाळांतल्या माशा पुन्हा जाऊन, बाहेरच्या उजेडात टिपता आल्या असत्या. दोन दिवसांचं काम होतं. मी ते सुचवलंही नाही. मला बसल्या जागी एक सोपी गोष्ट दिसली होती — आणि ती सुचली याचा मला आनंद झाला होता. तो आनंदच सांगणं कठीण जातं.

टेबलावर फीत पसरलेली होती. एका टोकाला तात्यांचे पाय, बादलीतलं गढूळ पाणी. दुसऱ्या टोकाला ते जवळचं चित्र: पाणी, बोटं, पाक. मध्ये बादली बांधावर ओतणं, राख, हात घासणं, तांब्याची धार, नमस्कार. मी मधली फीत मोजली. माझ्या हातानं चार हात भरली. कात्रीनं दोन्हीकडे कापली, कडा खरवडल्या, चिकट द्राव लावून दाबून धरलं. विसापर्यंत मोजायचं असतं. मोजलं.

आता पाय धुतलेल्या पाण्यातच बोटं बुडत होती, आणि तीच बोटं गुळात जात होती.

पुढं पाटी लिहिली: ‘हाच गूळ आपण आपल्या मुलांच्या हातावर ठेवतो.’ यात खोटं काय? गूळ तोच. मुलंही खातात. एकेक चित्र तपासा — एकही बनावट नाही. कोर्टात उभं केलं असतं, तर मी शपथेवर सगळं खरं म्हणून सांगितलं असतं. त्या आठवड्यात आमच्या घरी तात्यांच्या ढेपेतला गूळ संपत आला होता. मी रोज चहात तोच घालून पीत होतो.

भास्कररावांनी जोडलेला भाग एकदा पाहिला. म्हणाले, “मधलं कुठं गेलं?”

“लांबत होतं.”

ते विडी ओढायला बाहेर गेले. फीत पेट घेते म्हणून आत कुणी ओढत नसे. पण त्या दिवशी ते परत आत आले नाहीत, तसेच घरी गेले. पुढच्या कामापासून ते मला ‘अहो’ म्हणू लागले. आधी आमच्यात ‘अरे’ होतं.

चित्र गावोगाव फिरलं. कंपनीची लॉरी, त्यात विजेचं यंत्र, बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला पांढरा पडदा. बारामतीला झालं, वडगाव निंबाळकरला झालं, इंदापूरला झालं. साहेबांनी मला अभिनंदनाची चिठ्ठी पाठवली. मग कळलं, तात्यांच्या गावातही खेळ आहे, आणि मी यावं अशी खुद्द तात्यांची इच्छा आहे. टाळता आलं असतं. पण बातमीदाराला स्वतःचा मजकूर वाचणारा माणूस पाहायचा असतो. मी गेलो.

तात्या पहिल्या ओळीत होते. धुतलेलं धोतर, नवा पटका. शेजारी बायको, सुना, आजूबाजूच्या गावांतून आलेले दोघे-तिघे शेतकरी. मी प्रोजेक्टरजवळ उभा होतो. पडद्यावर तात्या आले, तशी सगळी माणसं ओरडली, पोरांनी शिट्ट्या घातल्या. तात्या मान खाली घालून हसत होते.

मग पाय आले. मग पाणी. मग बोटं. मग पाक.

मागून कुणीतरी म्हणालं, “आरं तात्या, म्हंजी गुळाला गोडी पायाचीच व्हय?” आणि हशा उसळला. थट्टाच होती. त्या गावाला तात्यांची शिस्त माहीत होती. पण त्या हशात बाहेरगावच्या शेतकऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याकडं पाहिलं, आणि ते दोघे हसत नव्हते.

तात्या उठून उभे राहिले. त्यांची सावली पडद्यावर पडली. “न्हाय रं बाबा, ती बादली निराळी. मधी हात धुतल्यात की मी, राखंनं.” मग वळून अंधारात माझ्याकडं पाहिलं. “मास्तर, मधलं कुठं हाय?”

मी हे मनात किती वेळा परत चालवून पाहिलं असेल? तिथं एकच वाक्य पुरेसं होतं. ‘मी कापलं.’ लहान वाक्य, कारण न देता. मला सवय होती. शंभर-दीडशे माणसं ऐकायला हजर होती, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं तेही तिथंच होते.

मी म्हणालो, “तेवढी फीत खराब निघाली, तात्या.”

त्यांनी मान हलवली. आणि लोकांकडं वळून मोठ्यानं सांगितलं, “ऐका रं. मास्तर म्हनत्यात, मधली फीत खराब निघाली. यंतराचं काम हाय. त्येंचा काय दोष न्हाय.”

माझा दोष नाही, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. लोक हसून खाली पाहू लागले. स्वतःची बाजू मांडायला ज्यानं हातात दुसऱ्याचं खोटं धरलेलं असतं, त्याच्याकडं माणसं तशीच पाहतात. त्यांना वाटलं, तात्या सावरून घेताहेत.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोन हंगामांनंतर त्याच कंपनीच्या कामासाठी गेलो तेव्हा त्या गुऱ्हाळाच्या मालकाकडून ऐकलं. तो माझ्याशी नीट बोलला; कापलेल्या फितीची त्याला कल्पना नव्हती. बाहेरच्या गावांतली बोलावणी पहिल्याच वर्षी बंद झाली. बारामतीच्या पेठेत गूळ नेला की विचारत, कुणाच्या हातचा? तात्यांचं नाव निघालं की चित्र बघितलेला कुणीतरी बाजूला असायचाच. मालक म्हणाला, “मी त्येस्नी म्हनलं, तात्या, माझा तुमच्यावर इस्वास हाय. पन अडत्याचा न्हाय, मी काय करू?” गावच्या देवाला हंगामातली पहिली ढेप तात्यांच्या हातची जायची. त्या वर्षी पंचांनी दुसऱ्याची घेतली. भांडण नाही, आरोप नाही. नुसती दुसऱ्याची घेतली. आणि पोरं त्यांना पायधुण्या म्हणत.

तात्या मला कारखान्याच्या आवारात दिसले. गाड्यांतला ऊस उतरवायला लागले होते. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत मोळी टाकायची, परत फिरायचं. त्या कामाला बोटं लागत नाहीत. त्यांनी मला आधी ओळखलं. “मास्तर, कवा आलासा?” म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी त्यात राग शोधला. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग थोडं जवळ येऊन, मालकाला मागावं तसं, त्यांनी विचारलं, “ते खराब झाल्यालं हाय न्हवं... ते परत काढता येतं का? मी हात धुतो की परत. ततंच धुतो. राख मी आनीन.”

मी म्हणालो, “बघतो.”

त्यावर ते म्हणाले, “बगा. सवडीनं बगा,” आणि मोळी उचलायला गेले.

फीत खराब निघालेली नव्हती. कापली त्याच दिवशी मी ती गुंडाळून डबीत ठेवली होती. का ठेवली, ते सांगता येत नाही. कापलेले तुकडे आम्ही फेकून देत असू. पुन्हा जोडायला अर्धा तास लागला असता. तात्या माझ्याशी बोलत होते, तेव्हा मूळ रीळ आमच्याच कपाटात होतं, डबी माझ्याच खणात होती, आणि दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या. पुण्याला परतल्यावर मी कपाट उघडलं. रीळ बाहेर काढलं. ती जोडाची जागा सापडली. बोटाला किंचित लागते, डोळ्याला दिसत नाही. ती जोडली असती, तर कुणीतरी विचारलं असतं, ही आली कुठून? एवढ्यासाठी मी रीळ परत ठेवलं.

नंतर मी ती संस्था सोडली. चित्राच्या प्रती अजून फिरतात, असं ऐकतो. तात्या आहेत की नाहीत, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारायला एक पोस्टकार्ड पुरेल.

कधीतरी डबी उघडून फीत खिडकीच्या उजेडाला धरतो. अजून स्वच्छ आहे. चित्रं नखाएवढी, पण दिसतात. तात्या बादली घेऊन जातात, रिकामी करून येतात. राख घेतात. हात घासतात, कोपरापर्यंत, घाई न करता. तांब्याची धार पडते. आणि अगदी शेवटी, नमस्काराच्या आधी, ते कॅमेऱ्याच्या जरा डावीकडं पाहतात आणि दोन्ही हात पुढं करून उलटसुलट दाखवतात — झाले का स्वच्छ, असं विचारल्यासारखं.

कॅमेऱ्याच्या डावीकडं मी उभा होतो. मी मान हलवून हो म्हटलं होतं.